टपालसेवा विकण्याआधी बीटचा हिशोब मांडा

प्रश्न असा आहे: पत्रं जवळजवळ संपली, राष्ट्रीय टपालसेवा देशोदेशी तोट्यात आहेत, खासगी कुरियर कंपन्या मात्र त्याच रस्त्यांवरून पार्सलं नेऊन नफा कमावतात. मग सरकारनं टपालसेवा विकून मोकळं का होऊ नये?

माझी सगळी नोकरी टपालात गेली. सुरुवातीची वर्षं वर्गवारीच्या टेबलावर, मग बटवड्याच्या देखरेखीवर आणि शेवटची बरीच वर्षं बीट आखणं आणि त्यांचा खर्च काढणं या कामात. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो. दारोदार बटवडा करणारं जाळं विकू नये. पार्सल, एक्स्प्रेस, वाहतूक, काउंटर यांतलं बरंचसं काम खासगी हातांत गेलं तर माझी हरकत नाही. काही ठिकाणी ते जायलाच हवं. पण प्रत्येक दारापर्यंत जाणारा पोस्टमन ज्या संस्थेचा आहे, ती विकल्यावर काय होतं, याचा तीसएक वर्षांचा अनुभव आता जगाकडे आहे. तो बारकाईनं पाहिला तर ‘खासगी म्हणजे कार्यक्षम’ हेही टिकत नाही आणि ‘विकलं की बुडालं’ हेही टिकत नाही.

आधी बीट म्हणजे काय ते सांगतो, कारण टपालाचं सगळं अर्थकारण तिथेच आहे. एका पोस्टमनला नेमून दिलेले रस्ते आणि दारं म्हणजे त्याचं बीट. सकाळी थैल्या उघडतात, टपालाची बीटवार वर्गवारी होते, मग पोस्टमन आपल्या वाट्याचं टपाल चालण्याच्या क्रमानं लावतो आणि निघतो. वर्गवारीचा वेळ टपालाच्या संख्येवर ठरतो. पत्रं निम्मी झाली की तो साधारण निम्मा होतो. चालण्याच्या वेळेचं तसं नसतं. रस्ता तेवढाच लांब राहतो, जिने तेवढेच राहतात, दोन वस्त्यांमधलं अंतरही तेवढंच राहतं.

समजा, एका बीटवर 600 दारं आहेत आणि रोज 600 नग येतात. सगळं मिळून पाच तासांचं काम आहे. आता नग 200 वर आले. थांबायची दारं कमी झाली, पण ती रोज वेगळी असतात आणि सगळ्या बीटभर विखुरलेली असतात. त्यामुळे चालणं फारसं घटत नाही. पाच तासांचं काम फार तर चार तासांवर येतं. म्हणजे टपाल दोन तृतीयांशानं घटलं आणि वेळ घटला एक पंचमांशानं. एका नगामागे आधी अर्धं मिनिट लागत होतं, आता सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. पण कुठलंही बीट मोजा, कल हाच दिसेल. मी स्वतः घड्याळ घेऊन पोस्टमनांच्या मागे पुष्कळ चाललो आहे. कागदावर जे बीट सगळ्यांत तोट्याचं दिसायचं, तिथला पोस्टमन बहुतेक वेळा सगळ्यांत झपाझप चालणारा असायचा. त्याच्या वाट्याला रस्ताच लांब आलेला असायचा.

अमेरिकेत पहिल्या वर्गाच्या पत्रांची संख्या 2001 मध्ये 100 अब्जांच्या वर होती. 2023 पर्यंत ती 50 अब्जांच्या खाली गेली. ब्रिटनमध्ये 2004-05 च्या सुमारास वर्षाला 20 अब्ज पत्रं होती, ती 2023-24 पर्यंत 7 अब्जांच्याही खाली आली. पहिली सेवा सरकारी, दुसरी या मधल्या काळात विकलेली. पत्रं दोन्हीकडे ओसरली. तोट्याचं पहिलं कारण हे आहे आणि मालक बदलल्यानं ते बदलत नाही. टपालखात्यात ढिलाई नसते असं मी म्हणणार नाही. ती मी आतून पाहिली आहे आणि तिच्याशी भांडलोही आहे. पण सगळी ढिलाई काढून टाकली तरी बीटची लांबी शिल्लक राहते.

मग कुरियर नफा कसा काढतात? त्यांचं बीट दारांचं नसतं, मागणीचं असतं. ज्या भागात आज पार्सल नाही, तिथे आज गाडी जात नाही. परवडत नसेल त्या पत्त्याला ते जादा आकार लावतात किंवा काम घेतच नाहीत. मी एका कचेरीत होतो तेव्हा एका खासगी कंपनीचा माणूस ठरावीक दिवशी काउंटरवर पार्सलांचा गठ्ठा आणायचा. सगळे पत्ते दूरचे, तुरळक वस्तीचे. जवळचं ते स्वतः पोचवत आणि लांबचं आमच्याकडे साध्या पार्सलानं टाकत. त्यात लबाडी काहीच नव्हती. आमचा दर सगळीकडे एकच होता आणि त्यांनी तो वापरला. अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या बलाढ्य कंपन्यांनी अनेक वर्षं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. हलक्या पार्सलांचा शेवटचा टप्पा त्यांनी सरकारी टपालाकडे सोपवला होता. ज्यांच्याकडे बोट दाखवून टपाल विका म्हणतात, त्यांचाच हिशोब त्यांना सांगत होता की त्या दारापर्यंत रोज जाणारा माणूस टपालाकडे आधीच आहे.

हा एकच दर आला कुठून, तेही पाहायला हवं. 1837 मध्ये रोलंड हिल या इंग्रज सुधारकानं टपालाच्या खर्चाचा हिशोब मांडला. तेव्हा अंतर आणि कागदांची संख्या पाहून आकार लावत आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करत. हिलनं दाखवलं की लंडनहून एडिंबरापर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीचा 36 वा भाग आहे. बाकीचा पैसा पत्र हाताळण्यात, आकार ठरवण्यात, दारात उभं राहून वसुली करण्यात जातो. अंतराला किंमत जवळजवळ नाहीच, तर दर एकच ठेवा आणि तो आधी घ्या, असं त्यानं सुचवलं. 10 जानेवारी 1840 पासून ब्रिटनमध्ये एका पेनीचा दर आला, मे महिन्यात तिकीट आलं आणि वर्षभरात पत्रांची संख्या दुपटीवर गेली. टपालाचं निव्वळ उत्पन्न मात्र कोसळलं. ते पूर्वीच्या पातळीवर यायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. सरकारनं तो तोटा सोसला, कारण त्या बदल्यात व्यापार वाढला आणि सामान्य माणसाला पत्र परवडू लागलं. आजच्या खासगी भागधारकानं इतकी वर्षं कळ काढली असती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

हिलच्या हिशोबात एक गोष्ट मात्र दबून राहते. वाहतुकीचा खर्च नगण्य असला तरी बटवड्याचा खर्च सगळीकडे सारखा नसतो. दाट वस्तीत एका तासात दोनशे दारं होतात, विरळ वस्तीत वीससुद्धा होत नाहीत. दर एकच ठेवला की दाट वस्तीतलं पत्र विरळ वस्तीतल्या पत्राचा भार उचलतं. हा भार टिकावा म्हणून देशोदेशी टपालखात्याला पत्रांची मक्तेदारी दिलेली होती. लोकांना ती सरकारची हाव वाटते. खरं तर दूरच्या दाराचा खर्च त्यातूनच निघत होता.

मक्तेदारी उठली की काय होतं, ते स्वीडनमध्ये दिसलं. त्या देशानं 1993 मध्ये पत्रांचा बाजार खुला केला. सिटीमेल नावाची कंपनी त्याच सुमारास स्पर्धेत उतरली. नावातच तिचा बेत होता: मोठी शहरं, बँका आणि कंपन्यांची आधीच क्रमानं लावलेली ठोक पत्रं, आणि बटवडा रोज न करता काही दिवसांआड. सरकारी टपालानंही मग ठोक पत्रांना विभागवार दर लावले. म्हणजे ठोक पत्रांपुरता एकच दर मोडला. लोकांच्या एकट्यादुकट्या पत्राचा एकच दर कायद्यानं राहिला, पण त्याचा भार उचलणारं शहरी ठोक टपाल हातचं निसटू लागलं.

नेदरलँड्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या टपालकंपनीचे शेअर 1994 मध्येच बाजारात आले आणि 2009 मध्ये पत्रांचा बाजार पूर्ण खुला झाला. सँड नावाच्या स्पर्धकानं आठवड्यातून दोनच दिवस बटवडा करून स्वस्त दर दिले. एकाच रस्त्यावरून दोन कंपन्यांचे पोस्टमन अर्ध्या भरलेल्या थैल्या घेऊन जात होते. पत्रं घटत गेली तसं दोघांचंही भागेना. 2019 मध्ये मूळ टपालकंपनीनं, म्हणजे पोस्टएनएलनं, सँडला विकत घेतलं. स्पर्धा नियामकानं या विलीनीकरणाला परवानगी नाकारली होती, मंत्र्यांनी ती दिली आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं मंत्र्यांचा निर्णय रद्द केला. पण तोवर दोन जाळी एक झाली होती. ब्रिटनमध्येही टीएनटी पोस्ट या कंपनीनं 2012 मध्ये काही शहरांत स्वतःचे पोस्टमन नेमून दारोदार बटवडा सुरू केला. पुढे तिचं नाव व्हिसल झालं आणि 2015 मध्ये तिनं तो बंद केला. पत्रांसाठी एका रस्त्यावर एकच बीट परवडतं. स्पर्धा आणली तरी शेवटी मक्तेदारीच उरते, फक्त या वेळी तिचा मालक खासगी असतो. माझ्या विरोधाचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण ब्रिटनकडून मिळतं आणि तिथे जरा थांबायला हवं, कारण ही विक्री सगळ्यांत पद्धतशीर होती. 2011 मध्ये कायदा झाला. 2012 मध्ये रॉयल मेलच्या, म्हणजे तिथल्या टपालसेवेच्या, जुन्या निवृत्तिवेतनाचं अब्जावधी पौंडांच्या तुटीसकटचं ओझं सरकारनं स्वतःकडे घेतलं. त्याच वर्षी दरांवरचं बरंचसं नियंत्रण उठलं आणि पहिल्या वर्गाचं, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पत्राचं, तिकीट 46 पेन्सवरून 60 पेन्सवर गेलं. मग ऑक्टोबर 2013 मध्ये शेअर 330 पेन्सला विकले आणि पहिल्याच दिवशी ते साडेचारशेच्या वर गेले. म्हणजे तोट्याचा भाग जनतेच्या खात्यात ठेवून उरलेलं विकलं, आणि तेही स्वस्तात. 2015 मध्ये सरकारनं उरलेला हिस्साही विकून टाकला.

आठवड्यातले सहा दिवस पत्रांचा बटवडा, सगळ्या देशात एकच दर, आणि पहिल्या वर्गाची 93 टक्के पत्रं पुढच्याच कामाच्या दिवशी पोचवणं, ही बंधनं कायद्यात आणि नियमांत लिहिलेली होती. नियामक होता, दंडाची तरतूद होती. विक्रीच्या बाजूनं बोलणारे जे मागतात ते सगळं तिथे होतं. 2022-23 मध्ये 93 ऐवजी 74 टक्क्यांच्या आसपास पत्रं वेळेवर पोचली. ऑफकॉम या नियामकानं 56 लाख पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी जेमतेम 75 टक्के, दंड 1 कोटी 5 लाख. त्यापुढच्या वर्षी 77 टक्के, दंड 2 कोटी 10 लाख. दंड चढत गेला, बटवडा उद्दिष्टाच्या जवळही आला नाही. कंपनी पत्रं मागे ठेवून पार्सलं आधी काढते, असा ठपका 2023 मध्ये संसदेच्या समितीनं ठेवला. तिकीट एप्रिल 2025 मध्ये 1 पौंड 70 पेन्सवर पोचलं. आणि जुलै 2025 मध्ये नियामकानं दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड पोचवायला परवानगी दिली, पहिल्या वर्गाचं उद्दिष्टही 93 वरून 90 वर आणलं. त्याच वर्षी कंपनी चेक उद्योगपती डॅनिएल क्रेटिन्स्की यांच्या ताब्यात गेली.

यात मालकाला खलनायक ठरवण्याची गरज नाही. मी त्या खुर्चीत असतो तर माझ्यासमोरही तेच कागद आले असते. पार्सलाला स्पर्धक आहे. ते उशिरा गेलं तर ग्राहक उद्या दुसरीकडे जाईल. पत्राला स्पर्धक नाही, ते दोन दिवस पडलं तरी कुठे जाणार नाही. बीटवर माणूस कमी असेल त्या सकाळी आधी काय उचलायचं, हे नफ्याचा हिशोबच सांगतो. खर्च कपात करायला पार्सलात वाव कमी, पत्रांच्या बंधनात जास्त. मालक खासगी असला की त्या बंधनाला रोज थोडं थोडं घासण्याची ओढ त्याच्या हिशोबातच असते. बाहेरून दंड करणारा वर्षातून एकदा येतो आणि त्याच्याकडे शेवटची धमकी नसते. परवाना काढून घेतला तर दुसऱ्या दिवशी पत्रं कोण वाटणार?

याच्या शेजारी डेन्मार्क ठेवून बघा. तिथे पत्रांची संख्या 2000 पासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, सरकारी पत्रव्यवहार सक्तीनं डिजिटल झाला. संसदेनं कायदा बदलून सार्वत्रिक टपालसेवेचं बंधन 2024 पासून काढलं. मग डेन्मार्क आणि स्वीडनच्या सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डनं 2025 च्या अखेरीस डेन्मार्कमधला पत्रांचा बटवडा थांबवला, लाल टपालपेट्या उचलल्या. चारशे वर्षांची सेवा संपली. मला हे वाचताना वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. वयस्कर माणसांचं, संगणक न वापरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तिथे पुरता सुटलेला नाही. पण क्रम बघा. तिथे बंधन उघडपणे, कायद्यानं, आधी निघालं आणि सेवा नंतर थांबली. ब्रिटनमध्ये सेवा आधी घसरली, तीन वर्षं घसरलेलीच राहिली, मग नियम खाली उतरून तिला भेटायला आला. पत्रं कमी होणारच असतील, आठवड्यातले दिवस कमी करावे लागणारच असतील, तर ते मतदारांना उत्तर देणाऱ्या माणसांनी सभागृहात उभं राहून ठरवावं, असं माझं म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू. जर्मनीचं उदाहरण देऊन कुणीही मला अडवेल, आणि ते खरंच वजनदार आहे. डॉइचे पोस्ट 1995 मध्ये कंपनी झाली, 2000 मध्ये शेअर बाजारात आली, डीएचएल ही कुरियर कंपनी विकत घेऊन जगातल्या सर्वांत मोठ्या मालवाहतूक कंपन्यांत गणली जाऊ लागली. बटवडाही बराच काळ उत्तम राहिला. पण हे कसं जमलं? शेअर विकल्यानंतरही पत्रांची मक्तेदारी 2007 च्या अखेरपर्यंत तिच्याकडेच होती, म्हणजे खात्रीचं उत्पन्न हाताशी होतं. पार्सलांच्या बाजारात स्पर्धकांना अडवल्याबद्दल युरोपीय आयोगानं 2001 मध्ये तिला 2 कोटी 40 लाख युरोंचा दंडही केला. सरकारी बँकेमार्फत राज्याचा मोठा हिस्सा आजही तिच्यात आहे. आणि एवढं यश मिळूनही, पत्रं घटल्यावर तिथला कायदा सैल करावाच लागला. 2025 पासून 95 टक्के पत्रं तीन दिवसांत पोचली तरी चालतात. जगभर पसरलेला पार्सलांचा नफा पत्रांच्या बीटकडे आपण होऊन वाहत येत नाही. भागधारकांनी तो तिकडे का वळवावा?

सरकारी मालकी म्हणजे सद्गुण, असंही समजू नका. अमेरिकन काँग्रेसनं 2006 मध्ये कायदा करून टपालसेवेवर निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची भावी रक्कम आगाऊ साठवण्याची सक्ती केली. वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. कागदावर दिसणाऱ्या तोट्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं याच एका तरतुदीतून येत होता आणि त्याच तोट्याकडे बोट दाखवून विका म्हणणारेही तेव्हा पुष्कळ होते. ती सक्ती 2022 मध्ये रद्द झाली. ब्रिटनमध्ये पोस्टाची काउंटरं सांभाळणारी पोस्ट ऑफिस लिमिटेड ही कंपनी विक्रीतून वगळून सरकारी राहिली. तिच्याच होरायझन या सदोष हिशोब प्रणालीमुळे 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तरांना चोर ठरवलं गेलं. माणसं तुरुंगात गेली, घरंदारं गेली. मालक सरकार होतं, मंत्री होते, संसद होती. ज्या माणसानं काउंटरवर रोजचा हिशोब जुळवला आहे, त्याला हे प्रकरण वाचताना आतून हलायला होतं. सरकारी मालकीत प्रश्न विचारण्याची जागा असते एवढंच. तो प्रश्न कुणी विचारला नाही, तर ती जागा कामाची नाही.

विकल्यावर धंदा बुडाला तर काय होतं, हे अर्जेंटिनानं पाहिलं. 1997 मध्ये टपालसेवा तीस वर्षांच्या सवलतकरारानं, म्हणजे चालवायला, एका खासगी उद्योगसमूहाला दिली. सरकारला द्यायची रक्कम थकली, 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली आणि नोव्हेंबर 2003 मध्ये सरकारनं करार रद्द करून सेवा परत घेतली. टपाल एक दिवसही बंद ठेवता येत नाही. त्यामुळे जोखीम खरेदीदाराकडे गेली असं म्हणायला फारसा अर्थ नसतो.

जपानचा वाद पत्रांपेक्षा पैशांचा होता. टपालबचत आणि विमा मिळून जगातला एक प्रचंड निधी तिथे जमला होता आणि पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी 2005 ची निवडणूकच त्या प्रश्नावर लढवून जिंकली. 2007 मध्ये खासगीकरण सुरू झालं, शेअर 2015 मध्ये बाजारात आले. 24 हजार कचेऱ्यांचं जाळं तिथे कायद्यानं टिकवलं आहे. पण 2019 मध्ये त्याच कचेऱ्यांतून वयस्कर ग्राहकांना गैरमार्गानं विमा विकल्याचं उघड झालं. टपाल कर्मचाऱ्यावरचा विश्वास विक्रीच्या उद्दिष्टाला जुंपला की असं होतं. हा धोका सरकारी खात्यांतही आहे, हे मी अनुभवानं सांगतो. बचतखात्यांची उद्दिष्टं आमच्यावरही येत असत.

मग करायचं काय? बंधन आधी लिहून काढावं: आठवड्यातून किती दिवस बटवडा, किती अंतरावर काउंटर, किती दिवसांत पत्र, एकच दर कशाकशाला. हे पवित्र आकडे नाहीत. एक दिवसाआड बटवडा अनेक ठिकाणी पुरेसा आहे आणि दोन बीट आलटूनपालटून एकाच पोस्टमनला दिली की वर सांगितलेला बीटचा हिशोब बराच सुधारतो. मग त्या बंधनाचा निव्वळ खर्च काढावा, म्हणजे बंधन नसतं तर जे वाचलं असतं ते. आणि तो खर्च उघडपणे अर्थसंकल्पातून द्यावा. नॉर्वेत सरकार न परवडणारी टपालसेवा ठरवून विकत घेतं आणि तिचा आकडा संसदेसमोर येतो. तिथे 2020 मध्ये एक दिवसाआड बटवडा आला, तोही तसाच मोजून, ठरवून. हा आकडा एकदा समोर आला की ‘टपाल तोट्यात आहे’ हे वाक्य आपोआप बदलतं. ज्या कामाची किंमत आपण रस्त्यांसाठी, पाण्यासाठी देतो, तशीच ती इथे दिसते.

त्याचबरोबर टपालाला खात्याच्या चौकटीतून काढून सरकारी मालकीची कंपनी करायला हरकत नाही. न्यूझीलंडनं 1987 मध्ये हेच केलं. ते सोपं नव्हतं. फेब्रुवारी 1988 मध्ये एका दिवसात 432 कचेऱ्या बंद झाल्या आणि त्या जखमा लोक विसरले नाहीत. पण मक्तेदारी 1998 मध्ये उठल्यावरही मालकी सरकारकडे राहिली आणि सेवेचं किमान प्रमाण सरकारशी केलेल्या लेखी करारात राहिलं. भारतातही 1898 च्या कायद्यातला पत्रांचा विशेषाधिकार 2023 च्या नव्या कायद्यात उरला नाही, पण दीड लाखाहून जास्त कचेऱ्या सरकारच्याच आहेत, त्यातल्या दहापैकी नऊ ग्रामीण भागात. मक्तेदारी काढणं आणि मालकी विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; चर्चेत त्या एकच धरल्या जातात.

स्पर्धा हवी असेल तर ती बीटच्या अलीकडे आणावी. ठोक टपाल गोळा करणं, त्याची वर्गवारी, लांबची वाहतूक हे कुणीही करावं आणि जाहीर दरानं ते बटवडा कचेरीत आणून द्यावं; शेवटचं चालणं एकाच संस्थेचं. ब्रिटनमध्ये 2004 पासून ही पद्धत चालली आणि स्पर्धकांनी त्यात चांगला धंदा केला. बटवडा कचेरीचा दर सर्वांना सारखा आहे ना, एवढ्यावर नियामकानं डोळा ठेवायचा. माझ्या अनुभवात ही देखरेख जमण्यासारखी आहे, कारण नग मोजता येतात. पोस्टमननं दारापर्यंत जाण्यात किती जीव ओतला, हे मोजता येत नाही.

एखाद्या देशात हे सगळं झालं, बंधन लिहिलं, खर्चाचा पैसा बाजूला काढला, सेवा परत घेण्याचा हक्क राखला आणि तरीही सरकारला विकायचंच असेल, तर मी पूर्वीइतक्या जोरानं विरोध करणार नाही. पण मग एक गोष्ट विक्रीत जाऊ देऊ नका. ती म्हणजे पत्त्यांची यादी. रॉयल मेलबरोबर ब्रिटनची पोस्टकोडांची आणि पत्त्यांची फाईलही विकली गेली आणि ही चूक झाली असं संसदेच्या समितीनं 2014 मध्ये म्हटलं. रुग्णवाहिका, जनगणना, कर, निवडणूक, विमा, सगळ्यांना ती लागते. ती कुठल्या तरी संगणकात आपोआप तयार झालेली नसते. नवीन जिना उघडला, एक इमारत पाडली, एका घराची दोन झाली, हे पोस्टमन बीटवरून परत आल्यावर वहीत लिहितो आणि त्यातून ती यादी रोज थोडी दुरुस्त होते. ते कष्ट ज्यांच्या पैशानं झाले, त्यांच्याचकडे ती राहिली पाहिजे. तुमच्या देशात विक्रीचा मसुदा आला, तर पहिल्यांदा ती यादी त्यात कुठल्या पानावर आहे ते शोधा.